वर्गातली दादागिरी : मूल जे सांगत नाही, ते कार्टूनमुळे कसे बाहेर येते?

‘तुला वर्गात कोण त्रास देते?’ असे शिक्षकांनी सगळ्यांसमोर विचारले, तर त्रास सोसणारे मूल मान खाली घालते. त्रास देणारा बहुधा मागच्याच बाकावर असतो. पण पडद्यावर एखाद्या कार्टूनचे दप्तर कोणी लपवले आणि ‘आता याने काय करावे?’ असे विचारले, की हात वर होतात. बोलणे कार्टूनबद्दल चालते, स्वतःचे नाव मध्ये येत नाही.

मोसम नदीकाठच्या नामपूरसारख्या बागलाणातल्या गावात घरी अहिराणी आणि वर्गात प्रमाण मराठी बोलणारी मुले असतात. अशा ठिकाणी उच्चारावरून हसणे, एसटीत मुद्दाम जागा न देणे ‘गंमत’ म्हणून सहज खपून जाते. मग गंमत कोणती आणि छळ कोणता? डॅन ओल्वेअस या अभ्यासकाने सांगितलेली खूण सोपी आहे : त्रास मुद्दाम, पुन्हा पुन्हा आणि प्रतिकार करू न शकणाऱ्याला दिला जात असेल, तर ती गंमत नव्हे.

अ‍ॅनिमेशनचा हा उपयोग युरोपात तपासूनही पाहिला गेला. ‘फिअरनॉट’ नावाच्या संगणकीय खेळात छळ होणारे पात्र मुलाकडे सल्ला मागायला येते. मूल सल्ला टाइप करते आणि पुढचा प्रसंग त्यानुसार घडतो. सल्ला फसूही शकतो, मग दुसरा शोधायचा. ब्रिटन व जर्मनीतील १,१२९ प्राथमिक विद्यार्थ्यांवरील अभ्यास २०१०मध्ये प्रसिद्ध झाला. आधीपासून छळ सोसणाऱ्या मुलांची त्यातून सुटका होण्याचे प्रमाण सुरुवातीला वाढले, पण तो परिणाम टिकला नाही. म्हणजे एकदा चित्रफीत दाखवून ‘उपक्रम संपन्न’ असा फोटो काढण्यात फारसा अर्थ नाही.

चर्चेत दुर्लक्ष होते ते बघ्यांकडे. कॅनडातील शाळांच्या मैदानावर केलेल्या चित्रीकरणाचा २००१मधील अभ्यास सांगतो, की बाकीची मुले फार कमी वेळा मध्ये पडली. मात्र ती पडली, तेव्हा निम्म्याहून अधिक प्रसंगांत छळ दहा सेकंदांत थांबला. त्यामुळे चित्रफीत मध्येच थांबवून ‘शेजारी उभा असलेला काय करू शकतो?’ हे विचारणे जास्त मोलाचे.

तयार चित्रफीत हवीच असेही नाही. पोळ्याला मातीचे बैल करणाऱ्या हातांना दोन माणसे आणि एक दप्तर करणे अवघड नाही. बाहुली किंचित हलवायची, मोबाइलवर फोटो काढायचा, पुन्हा हलवायची. सेकंदाला १० फोटो धरले, तर अर्ध्या मिनिटाच्या गोष्टीला ३०० फोटो लागतात. काम वेळखाऊ आहे, पण ‘हा आता पुढे येईल की पळेल?’ यावर मुले वाद घालतात, तो याच वेळात. पात्राला वर्गातल्या कुणाचे नाव, लकब किंवा टोपणनाव मात्र द्यायचे नाही. नाहीतर चित्रफीतच चिडवण्याचे नवे साधन होते. ती व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवणेही टाळावे.

चर्चेनंतर एखादे मूल एकटे येऊन काही सांगू लागले, तर ‘तू पण काहीतरी केले असशील’ हे वाक्य शिक्षकांनी गिळलेले बरे. दोघांना समोरासमोर उभे करून हात मिळवायला लावण्याची घाईही नको, कारण त्याचा सूड शाळेच्या फाटकाबाहेर निघू शकतो. शाळेत ऐकणारे कुणी नसेल, तर मूल किंवा पालक १०९८ या मोफत बालमदत क्रमांकावर २४ तासांत कधीही बोलू शकतात.