वाफ्यांवरील आच्छादनाचा हिशेब

वैशाखांत घराशेजारच्या भाजीच्या वाफ्याला सकाळीं घातलेलें पाणी सायंकाळपर्यंत कोठें नाहींसें होतें, हा प्रश्न देशावरील पुष्कळांना पडतो. कांहीं पाणी मुळें घेतात, कांहीं खालीं झिरपतें. परंतु उघड्या मातीवरून वाफ होऊन उडणारा भाग थोडाथोडका नसतो. सोलापूर, अहिल्यानगर या बाजूस वर्षांत जितका पाऊस पडतो, त्याच्या दुपटीहून अधिक पाणी तेथील ऊन आणि वारा उडवून नेऊं शकतात. ज्या गांवीं उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते, तेथें परसांतल्या वांग्यामिरच्यांना मिळणारें पाणी घरच्या माणसांनीं आपल्या वापरांतून काढलेलें असतें. तें मातींत राखण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे वाफा पाल्यापाचोळ्यानें झांकणें. यालाच आच्छादन म्हणतात. हल्लीं मल्चिंग हा शब्दही खेड्यापाड्यांत रुळला आहे.

दिव्याच्या वातींतून तेल जसें वर चढतें, तसें मातीच्या कणांमधील बारीक पोकळ्यांतून खालचें पाणी वर चढतें आणि पृष्ठभागीं येऊन उडून जातें. वर पेंढ्याचा थर असला म्हणजे ऊन मातीपर्यंत पोहोंचत नाहीं, वारा तिला झोंबत नाहीं, आणि काड्या भरड व विरळ असल्यामुळें वातीचें काम तेथेंच खुंटतें. तणाचें बीं रुजलें तरी उजेडावांचून त्याची वाढ होत नाहीं. मात्र हरळी आणि लव्हाळा यांना हा नियम लागू नाहीं. लव्हाळा तर प्लास्टिकचा कागदही भेदून वर येतो. तो आधीं खणूनच काढला पाहिजे.

हे सारे गुण थराच्या जाडीवर अवलंबून आहेत. अर्धा इंच पाचोळा पसरणें हें केवळ मनाचें समाधान होय. त्यांतून ऊनही शिरतें आणि तणही. उलट फूटभर ढीग घातला, तर वळवाची हलकी सर तो ढीगच पिऊन टाकतो आणि मुळें कोरडीं राहतात. भाजीच्या वाफ्यावर बसलेला थर तीन इंच व फळझाडाच्या आळ्यांत चार इंच असावा, हें प्रमाण बहुतेक ठिकाणीं पुरतें.

आतां हिशेब. लांबी, रुंदी आणि जाडी यांचा गुणाकार हें सूत्र शाळेंतलेंच आहे. पण लांबीरुंदी फुटांत आणि जाडी इंचांत असते, आणि घोटाळा होतो तो तेथेंच. वाफा दहा फूट लांब व चार फूट रुंद असेल, तर क्षेत्रफळ 40 चौरस फूट. त्याला 3 नें गुणून 120 घनफूट म्हणणारा मनुष्य बारापट माल आणवील. तीन इंच म्हणजे पाव फूट. म्हणून लागणारें आच्छादन 10 घनफूट. एका घनफुटांत सुमारें 28 लिटर मावतात. अर्थात् वीस लिटरच्या चौदा बादल्या झाल्या. गोल आळ्याचें क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गास 3.14 नें गुणून काढावें. तीन फूट त्रिज्येच्या आळ्याचें तें 28 चौरस फूट भरतें. चार इंच, म्हणजे एकतृतीयांश फूट, थराला सवानऊ ते साडेनऊ घनफूट लागतात.

हा झाला बसलेल्या थराचा हिशेब. पेंढा, गव्हाचें काड, उसाचें पाचट हीं सैल पसरलीं असतां फुगलेलीं दिसतात आणि दोनचार पाण्यांनंतर खालीं बसतात. म्हणून तीं मापाच्या दुपटीनें धरावीं. वरील वाफ्याला वीस घनफूट. भाताचें तूस किंवा लाकडाचा भुसा फारसा बसत नाहीं. तेथें थोडी भर पुरे. वजनावर किंवा पोत्यांच्या संख्येवर कधींही अंदाज बांधूं नये, कारण दाबून भरलेल्या पोत्यांत सैल पोत्याच्या कितीतरी अधिक माल असतो.

कोणता पदार्थ वापरावा, याचें उत्तर गांवच देतें. उसाच्या मुलखांत पाचट शेतांतच जाळून टाकलें जातें, आणि शेजारच्या परसांत उघडे वाफे तापत असतात. यासारखी उधळपट्टी दुसरी नाहीं. कोंकणांत भाताचा पेंढा आणि नारळाच्या झावळ्या आहेत. हिरवें कापलेलें गवत मात्र एकदम जाड घातल्यास तापतें व चिकट होतें. तें सुकवून घालावें. बीं धरलेलें गवत तर मुळींच नको. भुसा मातींत मिसळूं नये, वरच ठेवावा; मिसळल्यास तो कुजतांना मातींतील नत्र अडकवून ठेवतो आणि रोपें पिवळीं पडतात.

घालण्याची रीत साधी असली तरी क्रम चुकूं नये. प्रथम तण काढावें, मग वाफ्याला पोटभर पाणी द्यावें, आणि ओल मुरल्यावर थर पसरावा. कोरड्या मातीवर घातलेलें आच्छादन कोरडेपणाच राखतें. बियांच्या वाफ्यावर घाई करूं नये; रोपें वीतभर झाल्यावर त्यांच्या मधून घालावें. खोडाभोंवतीं चार बोटें जागा मोकळी सोडावी, नाहींतर ओल धरून बुंधा कुजतो. ठिबकची नळी असेल तर ती थराखालीं ठेवावी.

वाळवीचा उपद्रव असलेल्या जमिनींत थर अधूनमधून उचलून पाहावा. पावसाळ्यांत गोगलगायी त्याखालीं आसरा घेतात. त्या सकाळीं वेंचून काढाव्या, आणि पाणी सांचणाऱ्या वाफ्यावरील थर पातळ करावा. पण तो अगदींच काढून टाकूं नये, कारण टोमॅटोच्या पानांवर मातीचे शिंतोडे उडून रोग चढतो, त्याला तो आडवा येतो. दिवाळीच्या सुमारास जुना थर बराचसा कुजून मातींत मिळालेला असतो. तेव्हां पट्टी उभी धरून उरलेली जाडी मोजावी. एक इंच उरला असेल, तर नवा माल दोन इंचांच्याच हिशेबानें आणावा.