सांधा उकलण्याचा दिवस

सकाळी ९. सागवानी खुर्ची बाकावर उलटी घेतली. मागच्या पायात आडवी पट्टी जिथं बसते तो सांधा खिळखिळा झालाय, आणि तो पूर्वी एकदा चिकटवलेला आहे. सरसाचे खडे पाण्यात भिजत घातले. ते लागतील की नाही, हे जुना थर ठरवेल.

९.३०. गरम पाण्याचं फडकं सांध्यावर धरलं. सरस असता तर चिकचिकीत झाला असता. इथं थर पांढरा पडून रबरासारखा झाला, म्हणजे फेविकॉल. वाळलेल्या फेविकॉलवर नवा फेविकॉल धरत नाही. त्याला लाकडाच्या रंध्रांत शिरायचं असतं आणि ती जुन्या थरानं बुजलेली असतात. अनेक दुरुस्त्या इथंच फसतात.

१० ते १२. मधे ठोकलेला खिळा हळूच उपटला. सांधा वेगळा झाल्यावर व्हिनेगर लावून थर मऊ केला नि पटाशीनं खरवडला. पटाशी उभी धरून ओढायची, लाकडात घुसवायची नाही. कुसूचं, म्हणजे पट्टीच्या खाचेत बसणाऱ्या टोकाचं, लाकूड केसभर निघालं तरी पकड ढिली होते. कोपऱ्यात सर्वांत चिवट थर असतो. तिथं पटाशीपेक्षा धीर जास्त कामी येतो.

१२.३०. कोरडं बसवून पाहिलं. एका बाजूला पोस्टकार्डाइतकी फट राहिली. खुर्चीचे मालक आले नि म्हणाले, "दादा, अॅराल्डाइटच भरा ना, कायमचं होईल." फट भरायला ते उत्तमच, तंतू तुटून लाकूड गेलं असतं तर मीही तेच घेतलं असतं. पण पुढं कुणाला हा सांधा उघडावा लागला, तर लाकूडच फुटेल. सरस उष्णतेनं आणि ओलाव्यानं सुटतो. म्हणून त्यांना म्हटलं, "काका, फट लाकडानंच भरू."

१. सागाची पातळ चिप्पी सरसानं कुसूला चिकटवून दाबून ठेवली.

४. चिप्पी रंध्यानं जेमतेम बसेल इतकी उतरवली. साग तेलकट, म्हणून दोन्ही बाजू अॅसिटोननं पुसल्या. सरसाचं भांडं गरम पाण्यात, साठेक अंशांवर. उकळला तर त्याची ताकद जाते. गार लाकडावर तो लगेच गोठतो, म्हणून कुसू हेअर ड्रायरनं कोमट केला, मग सरस फासून क्लॅम्प आवळला. दोरीनं खुर्चीचे दोन्ही कर्ण मापले, सारखे भरले. बाहेर आलेला सरस ओल्या फडक्यानं टिपला.

६. काकांना फोन केला: उद्या संध्याकाळपर्यंत क्लॅम्प निघणार नाही.