भाड्याचे यंत्र आणि त्याची साक्ष



आजचा विषय प्रथमदर्शनी आपल्या ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या नागरिक जीवनापासून फार दूरचा वाटेल. परंतु तो तसा नाही. ठाण्याहून कळव्यावरून बेलापूरकडे जाणारा रस्ता आपणांपैकी बहुतेकांच्या परिचयाचा आहे. एके काळी हा रस्ता रासायनिक कारखान्यांसाठी प्रसिद्ध होता. आज त्याच रस्त्यावर, ऐरोली, रबाळे, महापे या भागांत, संगणकांनी भरलेल्या मोठमोठ्या इमारती उभ्या आहेत. त्यांना डेटा सेंटर म्हणतात. पतपेढीचे खातेपुस्तक, तपासणी-प्रयोगशाळेतील रक्ताचा अहवाल, शाळेच्या फीचा हिशेब, या साऱ्या गोष्टी आज आपल्या कपाटात राहत नाहीत. त्या अशा एखाद्या इमारतीत, दुसऱ्याच्या मालकीच्या यंत्रावर राहतात. तेव्हा ‘दुसऱ्याच्या घरात ठेवलेले माझे गुपित, गुपितच राहिले आहे हे मला कसे कळावे?’ हा प्रश्न केवळ तज्ज्ञांचा नव्हे, तो आपल्या सर्वांचा आहे.

प्रथम हे भाड्याचे प्रकरण समजून घेऊ. डेटा सेंटरमधील एक संगणक अतिशय सामर्थ्यवान असतो, म्हणून त्याचे अनेक भाग पाडून प्रत्येक भाग वेगळ्या गिऱ्हाइकास देतात. प्रत्येक गिऱ्हाइकास वाटते की आपल्यापाशी एक संपूर्ण संगणक आहे. या भासमान संगणकास व्हर्च्युअल मशीन म्हणतात. आपण त्यास आभासी यंत्र म्हणू. एका चाळीत अनेक बिऱ्हाडे असावीत, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की, या चाळीच्या मालकापाशी प्रत्येक खोलीची किल्ली असते. माहिती साठवताना आणि पाठवताना ती कुलूपबंद करण्याची विद्या जुनीच आहे. पण हिशेब करावयाचा म्हटले की ती माहिती यंत्राच्या स्मृतीत उघडी करावीच लागे, आणि ती स्मृती मालकास वाचता येई.

ही उणीव दूर करण्यासाठी प्रोसेसर बनविणाऱ्यांनी नवा उपाय काढला. आभासी यंत्राची स्मृती प्रोसेसर स्वतःच कुलूपबंद करतो आणि त्याची किल्ली मालकाच्या हाती येऊच देत नाही. एएमडी या कंपनीने २०१६ साली या मार्गावर पहिले पाऊल टाकले. पुढे तिच्याच अधिक सुरक्षित पद्धतीचे प्रोसेसर २०२१ मध्ये आले, आणि इंटेलने टीडीएक्स नावाची आपली पद्धत २०२३ पासून बाजारात आणली. अशा यंत्रास गोपनीय आभासी यंत्र म्हणतात.

पण कुलूप आहे एवढे मालकाने सांगितल्याने काय झाले? ज्याच्यापासून गुपित राखावयाचे, त्याच्याच शब्दावर विश्वास ठेवणे म्हणजे वादीने प्रतिवादीलाच साक्षीदार करण्यासारखे आहे. येथे साक्षांकन हवे. हा शब्द आपल्याला नवा नाही. गुणपत्रिकेची प्रत घेऊन राजपत्रित अधिकाऱ्याच्या दारात उभे राहण्याचा अनुभव मागील पिढीतील पुष्कळांनी घेतला आहे. अधिकारी मूळ कागद पाहतो, प्रतीशी ताडतो आणि सही-शिक्का करतो. गोपनीय यंत्राच्या बाबतीत तो अधिकारी म्हणजे प्रोसेसर. यंत्र सुरू होताना त्यात प्रथम जे काही भरले जाते, त्याचे माप घेऊन प्रोसेसर एक ठसा तयार करतो. आत भरलेल्या मजकुरात एका अक्षराचाही फरक झाला तर ठसा बदलतो. मग तो ठसा लिहिलेले दाखलापत्र सहीनिशी दिले जाते, आणि त्या सहीची परंपरा प्रोसेसर बनविणाऱ्या कंपनीपर्यंत पडताळून पाहता येते.

आता दूर बसलेल्या गिऱ्हाइकाने काय पाहावयाचे? तीन गोष्टी. सही खरी आहे काय? ठसा आपल्या अपेक्षेप्रमाणे आहे काय? आणि हा दाखला आजचा आहे, की कोणी कालचाच काढून पुढे केला आहे? या तिसऱ्या प्रश्नासाठी एक साधी युक्ती आहे. गिऱ्हाईक दर वेळी एक नवा, यदृच्छेने निवडलेला आकडा आत पाठवितो, आणि तोच आकडा दाखल्यात छापून आला पाहिजे असा आग्रह धरतो. जुन्या दाखल्यात आजचा आकडा असणे शक्य नाही.

येथवर सारे ठीक; परंतु दाखला मागावयाचा कोठे? आतल्या साध्या कार्यक्रमाला प्रोसेसरशी थेट बोलता येत नाही. त्याने संगणकाच्या मूळ व्यवस्थापकाकडे, म्हणजे कर्नलकडे, जावे लागते. जगातील बहुसंख्य डेटा सेंटरांत हा कर्नल लिनक्सचा असतो. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेला आणि आज जगभरचे लोक मिळून वाढवीत असलेला. कर्नल आणि कार्यक्रम यांच्यामधील देवघेवीच्या ठरीव जागेस इंटरफेस म्हणतात. आपण तिला खिडकी म्हणू. कारण कचेरीतील खिडकीचे सारे गुणदोष तिच्यात आढळतात.

प्रारंभी खिडक्या दोन झाल्या. २०२२ मध्ये एएमडीच्या यंत्रांसाठी एक आली, २०२३ च्या आरंभी इंटेलच्या यंत्रांसाठी दुसरी. दोहोंची अर्ज करण्याची रीत निराळी. याहून घोटाळ्याची गोष्ट अशी की, दोन्हीकडे मिळणाऱ्या कागदाचे नाव एकच, ‘रिपोर्ट’. पण अर्थ वेगवेगळा! एएमडीचा रिपोर्ट सहीचा असल्यामुळे तो बाहेर कोणासही दाखविता येई. इंटेलच्या खिडकीतून मिळणारा रिपोर्ट मात्र त्याच संगणकावर तपासता येण्याजोगा होता. तो बाहेर दाखवावयाचा तर त्यावरून ‘कोट’ नावाचा सहीचा दुसरा कागद करवून घ्यावा लागे. नाव एक आणि अर्थ दोन असले की फसगत होण्यास लबाड माणसाची गरज उरत नाही. भोळा माणूसच पुरेसा होतो.

शिवाय प्रत्येक नवा प्रोसेसर आपली नवी खिडकी काढू लागला, तर कार्यक्रम लिहिणाऱ्याने किती खिडक्यांपुढे उभे राहावे? म्हणून २०२३ साली डॅन विल्यम्स या कर्नल-विकासकाने सर्वांसाठी एकच खिडकी सुचविली. चर्चेअंती ती लिनक्सच्या ६.७ या आवृत्तीत आली. ती आवृत्ती जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली.

ही खिडकी फार साधी आहे. ज्याला दाखला हवा त्याने ठरीव जागी आपल्या नावाचे एक फोल्डर उघडावे. त्यात काही फाइली आपोआप तयार होतात. ‘इनब्लॉब’ या फाइलीत आपला आकडा लिहावा. तो जास्तीत जास्त ६४ बाइटांचा. ‘आउटब्लॉब’ ही फाइल वाचली की दाखला हाती येतो. ‘प्रोव्हायडर’ ही फाइल हा दाखला कोणत्या पद्धतीचा आहे ते सांगते. ‘जनरेशन’ ही चौथी फाइल एक मोजणी ठेवते. कोणी काही लिहिले की तिचा आकडा वाढतो. एकाच फोल्डरात दोघांनी लिहिले आणि एकाचा दाखला दुसऱ्याच्या प्रश्नाला मिळाला, असे झाल्यास या आकड्यावरून ते ध्यानात येते. आणि प्रत्येकाने स्वतःचे फोल्डर उघडले तर तो प्रसंगच येत नाही.

यातील सर्वांत शहाणपणाचा निर्णय मात्र वेगळाच आहे. कर्नल दाखला आणून देतो. पण तो वाचून त्याचा अर्थ लावीत नाही. हे उदाहरणाने पाहू. १८५४ साली आगगाडी कल्याणपर्यंत आली, आणि पुढे तेथून दोन वाटा फुटल्या, एक कसाऱ्याची, दुसरी कर्जतची. डोंबिवलीच्या तिकीट-खिडकीवर दोन्ही बाजूंची तिकिटे मिळतात. रांग एक, मागण्याची रीत एक. तिकिटावर मुक्कामाचे नाव मात्र स्पष्ट छापलेले असते. कसारा आणि कर्जत सारखेच आहेत असे खिडकी म्हणत नाही, आणि घाटात गाडी कशी चढवावी हेही ठरवीत नाही. कर्नलने हेच केले. मागण्याची रीत एक केली, कागदाचे स्वरूप ज्याचे त्याच्यापाशी ठेवले आणि त्यावर पद्धतीचे नाव घातले. म्हणूनच पुढे आर्म पद्धतीचे प्रोसेसरही याच खिडकीत सामावू शकले.

कोणी विचारील, कर्नलनेच तपासून ‘सर्व ठीक’ असे का सांगू नये? याचे उत्तर असे की, तपासणाऱ्याची जागा यंत्राबाहेर आहे. ज्या यंत्राबद्दल शंका आहे त्याच्याच कर्नलने दिलेले ‘ठीक आहे’ हे प्रमाणपत्र नव्हे, ते स्वतःची स्तुती होय. दुसरे कारण व्यवहाराचे. कर्नलची खिडकी एकदा उघडली की ती बंद करता येत नाही. तिच्यावर विसंबलेले जुने कार्यक्रम मोडू नयेत हा लिनक्सचा कडक दंडक आहे. दाखल्यातील रकाने खिडकीत कायमचे कोरले असते, तर प्रत्येक नव्या प्रोसेसरबरोबर खिडकी तरी फुटली असती, नाहीतर खोटे बोलू लागली असती. अर्थात यालाही किंमत आहे. दाखला वाचण्याची विद्या तपासणाऱ्याला शिकावीच लागते, आणि तीही प्रत्येक पद्धतीची निराळी.

या साऱ्यावरून साक्षांकन म्हणजे सर्वज्ञता असा समज कोणी करून घेऊ नये. आत कोणता कार्यक्रम सुरू झाला हे दाखला सांगतो. तो कार्यक्रम निर्दोष आहे हे सांगत नाही. २०२५ साली संशोधकांनी प्रोसेसर आणि स्मृती यांच्यामध्ये एक स्वस्त उपकरण बसवून साक्षांकनाच्या किल्ल्याच काढून दाखविल्या. त्यासाठी यंत्राला प्रत्यक्ष हात लावावा लागतो हे खरे. पण यंत्र मालकाच्याच इमारतीत आहे हेही तितकेच खरे.

मग सामान्य नागरिकाने काय करावे? आपणांपैकी कोणी पतपेढीच्या संचालक मंडळावर असेल, कोणी रुग्णालयाच्या विश्वस्तांत. ‘आमची व्यवस्था पूर्णपणे गोपनीय आहे’ असे कोणी सांगू लागल्यास त्यास तीन प्रश्न अवश्य विचारा: दाखला कोण देतो? तो तपासतो कोण? आणि प्रत्येक वेळी नवा आकडा आत पाठविला जातो काय? देणारा आणि तपासणारा एकच असेल, तर तेथे साक्षांकन नाही, केवळ आश्वासन आहे. खिडकी स्पष्ट असण्याचे महत्त्व हेच, की या प्रश्नांची उत्तरे शब्दांवर न सोडता कागदावर मागता येतात. आणि कागद मागण्याचा हक्क नागरिकाने कधीही सोडू नये.