साइडपट्टी कुणाची? पायी आणि सायकलवर जाणाऱ्यांसाठी रस्ता कसा असावा

रस्त्याने चालत हा भाग ऐकत असाल तर आधी एक कान मोकळा ठेवा. विषयही आज रस्त्याचाच आहे. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग इथे लिहून देतोय.

तर मला सांगा, "रस्ता चांगला झाला" असं आपण कधी म्हणतो? गाडी पळायला लागली की. खड्डे बुजले, डांबर गुळगुळीत झालं, गेवराईला जायला दहा मिनिटं कमी लागली, म्हणजे रस्ता चांगला. यात चूक काही नाही. पण त्याच रस्त्याच्या कडेने शाळेत निघालेली पोरं, शेतात जाणाऱ्या बाया, सायकलवरून दूध घेऊन येणारे आजोबा यांना विचारलं तर उत्तर वेगळं येईल. रस्ता चांगला झाला तशी त्यांची भीती वाढली.

आपलं तलवाडाच घ्या. गेवराई तालुक्यातलं गाव. टेकडीवर त्वरिता देवीचं मंदिर, गावात पोलीस ठाणं, आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांची ये-जा. अशा गावात फाट्यापर्यंत, शाळेपर्यंत, बाजारापर्यंत माणसं पायीच जातात. नवरात्रात देवीला जाणाऱ्यांचं तर विचारूच नका. आणि ऊस सुरू झाला की त्याच रस्त्यावर डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर येतात. कित्येकांना मागे लाइट नसतो, रेडियमची पट्टीही नसते.

एक आकडा सांगतो. २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे रोज सरासरी ९० माणसं, फक्त चालताना. ही केंद्र सरकारच्या वाहतूक मंत्रालयाची आकडेवारी आहे.

आता कुणी म्हणेल, लोक बघून चालत नाहीत, पोरं गाड्या बुंगाट पळवतात, त्याला रस्ता काय करणार? रस्ता बरंच काही करू शकतो. ते कसं, तेच आज समजून घेऊ.

आधी वेगाचं गणित

समजा तुम्ही गाडी चालवताय आणि २० मीटरवर एक पोरगं अचानक रस्त्यात आलं. ते दिसून पाय ब्रेकवर जायला साधारण १ सेकंद लागतो. वेग ताशी ३० असेल तर त्या सेकंदात गाडी ८ मीटर जाते आणि ब्रेक लागल्यावर आणखी ५ मीटर. एकूण १३. पोरगं वाचलं.

वेग ६० असेल तर? पहिल्या सेकंदातच गाडी १७ मीटर गेली. ब्रेक लागायला फक्त ३ मीटर उरले. थांबायला तर पुढे २० मीटर लागतात. म्हणजे गाडी त्या पोराला जवळपास ५५ च्या वेगाने धडकणार. कोरडा रस्ता आणि चांगले ब्रेक धरून हा हिशोब आहे. शिवाय वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. नववीच्या विज्ञानात गतिज ऊर्जेचं सूत्र होतं ना, तेच हे.

म्हणूनच फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोमला झालेल्या जागतिक परिषदेत ठरलं, की जिथे माणसं आणि गाड्या एकाच रस्त्यावर वावरतात तिथे वेग ताशी ३० च्या आत हवा. गावातून जाणारा रस्ता म्हणजे नेमकी हीच जागा.

पण नुसता "वेग ३०" असा बोर्ड लावून भागत नाही. समोर सरळ, रुंद, मोकळा रस्ता दिसला की पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर जातो. बोर्ड ३० म्हणतो आणि रस्ता ८० म्हणतो. चालक रस्त्याचं ऐकतो. त्यामुळे वेग कमी करायचा असेल तर रस्त्याचा आकारच बदलावा लागतो.

साइडपट्टी म्हणजे गावाचा फुटपाथ

आपल्या ग्रामीण रस्त्याची मापं बघा. भारतीय रस्ते महासभेच्या, म्हणजे आयआरसीच्या निकषांप्रमाणे साध्या ग्रामीण रस्त्याचं डांबर ३.७५ मीटर रुंद असतं आणि रस्त्याची एकूण रुंदी ७.५ मीटर. मग उरलेले ३.७५ मीटर कुठे गेले? दोन्ही बाजूंच्या साइडपट्ट्यांत. प्रत्येक बाजूला जवळपास १.९ मीटर.

आयआरसीच्याच २०१२ च्या नियमावलीत शहरातल्या निवासी भागाचा फुटपाथ किमान १.८ मीटर मोकळा हवा असं म्हटलंय. म्हणजे जवळपास तेवढीच जागा आपल्या गावच्या रस्त्याला कागदावर आधीच दिलेली आहे!

प्रत्यक्षात काय होतं? रस्त्यावर डांबराचा नवा थर पडला की रस्ता थोडा वर येतो. बाजूला मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून साइडपट्टी त्याच पातळीला आणायची असते. तेच काम राहून जातं. दोन-तीन वेळा असं झालं की डांबराच्या कडेला वीतभर पायरी तयार होते. खाली दगड, चिखल आणि वेड्या बाभळी.

या पायरीने सायकलवाल्याचं काय होतं ते बघा. मागून ट्रक आला म्हणून तो खाली उतरतो. परत वर येताना चाक डांबराच्या कडेला तिरकं घासतं, वर चढत नाही, हॅंडल वळतं आणि तो रस्त्याच्या बाजूलाच पडतो. चालणाऱ्याचंही तसंच. खाली चालता येत नाही म्हणून तो डांबरावरून चालतो आणि वरून ऐकतो, "मधून काय चालतोय रे?"

त्यात ३.७५ मीटरवर दोन मोठ्या गाड्या समोरासमोर आल्या तर एकीला साइडपट्टीवर उतरावंच लागतं. म्हणजे आधीच खराब असलेल्या त्या जागेतही चालणाऱ्याला वाटेकरी आलाच. म्हणून गावाच्या दोन्ही बाजूंना आणि शाळेच्या रस्त्यावर निदान एक-एक किलोमीटर तरी पक्की, सपाट साइडपट्टी हवी. रंगीत सायकल ट्रॅक नसला तरी चालेल.

स्पीड ब्रेकर: टेंगूळ नको, टेकाड हवं

अपघात झाला, लोकांनी रास्ता रोको केला आणि दुसऱ्या दिवशी गावाने स्वतःच स्पीड ब्रेकर घातला, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. हातभर रुंद, गुडघ्याएवढा वाटणारा. रात्री न दिसणारा. दुचाकीवाला शेवटच्या क्षणी ब्रेक मारतो आणि मागे बसलेली बाई उडून पडते. शिवाय दुचाकीवाले तो चुकवायला कडेच्या फटीतून गाडी काढतात, म्हणजे जिथून माणसं चालतात तिथूनच.

आयआरसीने दिलेलं माप वेगळं आहे. १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर लांब, वरून गोल. ही लांबी गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतरापेक्षा जास्त आहे. त्यामुळे ताशी २५ च्या आसपास गेलात तर गाडी झोका घेतल्यासारखी वर चढते, खाली उतरते. पण ५० ने गेलात तर अख्खी गाडी उडते. म्हणजे वेग कमी करणाऱ्याला त्रास नाही, पळवणाऱ्यालाच त्रास. त्यावर पांढरे पट्टे, आधी सूचनेचा बोर्ड आणि कडेला दगडी खांब, म्हणजे सायकल निघेल पण मोटारसायकल नाही.

हेच टेकाड वरून सपाट केलं आणि शाळेसमोर बांधलं, की त्याचं उंच झेब्रा क्रॉसिंग होतं. पोरं उंचावरून जातात, लांबून दिसतात आणि गाडीला थांबावंच लागतं.

आपल्याकडे गावाला कमान असते बघा. तिथेच रस्ता थोडा अरुंद दिसेल असं केलं, दोन्ही बाजूंना झाडं किंवा कठडे आणले आणि कमानीवर दिवा लावला, तर चालकाला न सांगता कळतं की मोकळा रस्ता संपला, इथून पुढे घरं आहेत.

गावातल्या गावात

गावात सिमेंटचे रस्ते झाले. भिंतीपासून भिंतीपर्यंत काँक्रीट, कडेला उघडी नाली. गाडी आली की म्हातारं माणूस सरकणार कुठे? नालीत. नालीवर मजबूत झाकणं टाकली तर तीच चालायची पट्टी होते. त्यासाठी वेगळी जागा लागत नाही. फुटपाथ केलाच तर त्याची उंची १५ सेंटीमीटरच्या आत हवी. पुण्या-मुंबईत कमरेएवढे फुटपाथ आहेत, त्यावर आजी चढूच शकत नाही. मग ती रस्त्यावरून चालते.

पुण्याचं उदाहरण दोन्ही बाजूंनी शिकवतं. एके काळी सायकलींचं शहर म्हणून त्याची ओळख होती. तिथे सायकल ट्रॅक बांधले, पण तुटक-तुटक. मध्येच झाड, मध्येच डीपी, मध्येच दुकानाची पाटी. ते ओस पडले. याउलट जंगली महाराज रस्त्यावर गाड्यांची जागा कमी करून रुंद, सलग फुटपाथ केला, तिथे माणसं चालायला लागली, बसायला लागली. सलग असणं सगळ्यात महत्त्वाचं. शाळेपर्यंतच्या रस्त्यात शंभर मीटर जरी धोक्याचे असले तरी आई पोरीला एकटी पाठवत नाही.

सायकल दिली, रस्ता?

राज्यात मानव विकास कार्यक्रमातून १२५ मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जायला सायकली देतात. बिहारने २००६ मध्ये मुलींना अशाच सायकली दिल्या. त्यावर कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी अभ्यास केला. माध्यमिक शाळेतली मुलींची पटसंख्या सुमारे ३२ टक्क्यांनी वाढली आणि शाळा ३ किलोमीटरपेक्षा लांब होती तिथे फायदा जास्त झाला.

म्हणजे एका सायकलीने शिक्षण वाचतं. पण रस्त्यावर ट्रॉल्या आणि कडेला खड्डा असेल तर घरचे म्हणतात, "नको बाई, राहू दे." सायकल ओसरीत पडून राहते आणि पोरीची शाळा सुटते. बीडसारख्या जिल्ह्यात शाळा सुटल्यावर पुढे काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको.

आणि चालणाऱ्यांसाठी महामार्गावर जागा करता येते, हे आपल्याच राज्याने दाखवलंय. ८ नोव्हेंबर २०२१ ला पंढरपुरात ज्ञानेश्वर आणि तुकाराम महाराजांच्या पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. त्या आराखड्यात वारकऱ्यांसाठी स्वतंत्र पायी मार्ग धरला आहे. वारकरी पायी चालतात हे आराखड्यात मोजलं गेलं, म्हणून त्यांना जागा मिळाली. शाळेत जाणारी पोरं तर वर्षातले दोनशेहून जास्त दिवस चालतात. त्यांनाही मोजा, एवढंच म्हणणं आहे.

मग आपण काय करायचं?

पहिलं, रस्ता कुणाचा ते शोधा. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेकडे, गावठाणातले रस्ते ग्रामपंचायतीकडे. चुकीच्या ऑफिसात अर्ज गेला की फिरत राहतो.

दुसरं, मोबाइल काढा. शाळेपासून फाट्यापर्यंत चालत जा. जिथे साइडपट्टी तुटली, जिथे पायरी झाली, जिथे रात्री अंधार आहे, तिथे लोकेशनसकट फोटो घ्या. सकाळी शाळेच्या वेळी अर्धा तास उभे राहून पायी किती, सायकली किती, गाड्या किती, ते मोजा. "रस्ता करून द्या" यापेक्षा "या ४०० मीटरवर साइडपट्टी भरून द्या" ही मागणी टाळणं अवघड असतं.

तिसरं, ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. गावाच्या विकास आराखड्यात नालीची झाकणं, शाळेसमोरचं क्रॉसिंग, कमानीवरचा दिवा लिहून घ्या. नवीन डांबरीकरण येतंय असं कळलं तर आधीच एस्टिमेट मागा आणि त्यात साइडपट्टी धरलीय का ते बघा. धरली असेल तर काम चालू असतानाच मुरूम पडतोय का, रोलर फिरतोय का, ते पाहा. बिल निघाल्यावर कुणी येत नाही.

कायदाही आपल्या बाजूने आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८-अ प्रमाणे रस्त्याचे सुरक्षा निकष न पाळल्याने अपघातात कुणाचा जीव गेला किंवा कुणाला अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा कंत्राटदाराला १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सुरक्षित फुटपाथ मिळणं हा घटनेच्या कलम २१ खालचा, म्हणजे जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी म्हणालं, "रस्ता एकदम चकाचक झाला," तर एकच प्रश्न विचारा: साइडपट्टी भरली का?

तुमच्या गावच्या रस्त्याची मोजणी केलीत तर आकडे नक्की पाठवा, पुढच्या एखाद्या भागात वाचून दाखवू. आणि हा भाग तुमच्या ग्रामपंचायत सदस्याला फॉरवर्ड करा. भेटू पुढच्या भागात. रस्त्यात असाल तर सांभाळून जा!