पोस्टरवरचे अर्धे नाव



आमच्या बैठकीच्या खोलीत 'बूट पॉलिश' चित्रपटाचे एक जुने पोस्टर लावलेले आहे. मुंबईला गेलो असताना चोरबाजारात, मटन स्ट्रीटवरच्या एका दुकानातून ते आम्ही आणले. कडा फाटलेल्या आहेत, घड्यांच्या जागी रंग उडाला आहे. परवा आमच्या नातीने त्यावरच्या एका नावावर बोट ठेवून हिब्रूत विचारले, "सबा, हा डेव्हिड कोण? इंग्रज होता का?"

आम्ही म्हटले, "इंग्रज कसला? हा आपला चेऊलकर!"

डेव्हिड अब्राहम चेऊलकर. अलिबागजवळचे चौल हे त्या आडनावामागचे गाव. पोस्टरवर मात्र नुसते 'डेव्हिड' उरले. गाव गळून पडले. १९५४ सालच्या या चित्रपटात त्यांनी जॉन चाचा रंगवला. चोरून दारू विकणारा हा माणूस भोला आणि बेलू या दोन अनाथ भावंडांना शिकवतो, की हात पसरू नका, हाताने काम करा. त्या भूमिकेला फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. पुढे १९६९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. बेलू झालेल्या चिमुरड्या नाझचेही कान चित्रपट महोत्सवात कौतुक झाले.

असेच दुसरे नाव जोसेफ डेव्हिड यांचे. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात 'आलम आरा' हा हिंदुस्थानचा पहिला बोलपट लागला. आर्देशीर इराणी यांनी तो जोसेफ डेव्हिड यांच्या नाटकावरून काढला होता. हे नाटककार आपल्या समाजाचे, आडनाव पेणकर, म्हणजे मूळ पेणचे. आज या चित्रपटाची एकही प्रत उपलब्ध नाही. उरले आहेत ते काही फोटो आणि जाहिरातीचे कागद. चित्रपट गेला आणि कागद राहिला, म्हणूनच आम्ही कागदाला जपतो.

नट्यांची तर पूर्ण नावेच बदलली. मूकपटांच्या काळातल्या फिरोजा बेगम म्हणजे आपल्या सुझन सॉलोमन. मात्र येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आमच्या मोआदोनमध्ये गप्पा निघाल्या की 'सुलोचना आपली, नादिरा आपली' असे हमखास ऐकू येते. सुलोचना म्हणजे रूबी मायर्स आणि नादिरा म्हणजे फ्लॉरेन्स इझिकेल. दोघीही यहुदी खऱ्या, पण बगदादी घराण्यातल्या. बेने इस्राएल नव्हेत. अभिमान जरूर बाळगावा, पण हिशेब चोख ठेवावा.

आता पोस्टरविषयी थोडे. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आपल्या चित्रपटांची पोस्टरे स्वतः रंगवीत. एम. एफ. हुसेन यांनीही तरुणपणी मुंबईत सिनेमाचे मोठमोठे फलक रंगवले. चित्रकार फोटो समोर ठेवून चित्र काढी. मग शिळाछापावर एकेका रंगाचा ठसा वेगळा उमटवीत. नेहमीचा आकार ३० बाय ४० इंच. आमच्या लहानपणी भायखळ्यात पोस्टरवाला शिडी आणि खळीची बादली घेऊन येई. जुन्या पोस्टरावरच नवे चिकटवी. पावसाळ्यात सगळ्यांचा मिळून लगदा होई. म्हणजे जी पोस्टरे भिंतीवर गेली, ती संपली. आज मिळतात ती बहुतेक गोदामात घडी करून पडून राहिलेली. म्हणून घडीची खूण हा दोष मानू नये. उलट फार कोरे-करकरीत दिसले तर भिंगातून पाहावे. जुन्या शिळाछापात रंग सलग किंवा खडूच्या रेघांसारखे दिसतात. एकसारख्या ठिपक्यांची जाळी दिसली तर ती बहुधा नंतरची छपाई. खालच्या कडेला छापखान्याचे नाव आहे का, तेही पाहावे.

जपणूक सोपी आहे. उन्हात टांगू नये. चिकटपट्टी लावू नये; तिचा पिवळा डाग जात नाही. लॅमिनेशन तर मुळीच करू नये. एका फ्रेमवाल्याने आमचे एक पोस्टर आम्हाला न विचारता प्लॅस्टिकमध्ये दाबून टाकले, ते कायमचे गेले. सपाट ठेवावे, नाहीतर रुंद नळीवर सैल गुंडाळावे.

पण कागद जपून भागत नाही. आमच्या एका शेजाऱ्यांपाशी अशा पोस्टरांची मोठी गुंडाळी होती. मागच्या रांगेत उभा असलेला नटही ते ओळखीत. त्याचे गाव, त्याचे घराणे सांगत. गेल्या वर्षी ते वारले. शिवा संपल्यावर मुलांनी घर आवरले आणि ती गुंडाळी रद्दीत गेली. मुलांना दोष कसा द्यावा? त्यांना मराठी वाचता येत नाही, आणि त्यांच्यासाठी त्या कागदावर कोणी काही लिहून ठेवले नव्हते. आम्हीही त्यांच्याकडे बसून नुसता चहा पीत ऐकले. एक ओळ टिपून घेतली नाही. आयुष्यभर मुलांना 'लिहून काढा' म्हणणारे आम्ही!

म्हणून विनंती. तुमच्या घरी जुने पोस्टर, गाण्याचे पुस्तक, सिनेमाचा फोटो असेल तर आजच काढा. पाठीमागे कडेला, मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहा: हा कोण, कोणत्या गावचा, चित्रपट कुठे आणि कोणाबरोबर पाहिला. मराठीत लिहा, खाली हिब्रूत लिहा. डोळे साथ देत नसतील तर सांगा आणि नातवंडाकडून लिहवून घ्या.

आमच्या 'बूट पॉलिश'च्या पाठीवर आता दोन ओळी आहेत. वरची आमची, खालची नातीने हिब्रू अक्षरांत लिहिली आहे: डेव्हिड अब्राहम चेऊलकर, गाव चौल.