इंजिनाच्या पाण्यात कोंडलेली हवा

वैशाखातल्या दुपारी नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर या वाटेने लातूरकडे जाऊ लागले, की बॉनेट उघडून कडेला उभी असलेली एखादी तरी गाडी बहुधा दृष्टीस पडते. कोणी पिण्याच्या बाटलीतले पाणी ओतीत असतो, कोणी मिस्त्रीला फोन लावीत असतो आणि आतली मंडळी बाभळीची सावली शोधीत असतात. गाडी का तापली असे विचारले, तर उत्तर ठरलेले : पाणी कमी झाले असेल. पाणी कमी होणे हे कारण खरेच. परंतु पुष्कळदा पाणी जेवढे हवे तेवढे भरलेले असते आणि तरीही इंजिन तापते, कारण पाण्याच्या वाटेत हवा अडकून बसलेली असते. ही हवा ओळखावी कशी आणि ती कोठून आली हे ताडावे कसे, एवढाच आजचा विषय आहे. हा गॅरेजातला विषय व्याख्यानमालेत कशाला, असे कोणास वाटेल. पण इंजिनाचे हेड वाकले म्हणजे जो खर्च येतो, तो ज्याने एकदा भोगला आहे, त्याला तसे वाटणार नाही. आणि ज्याचे पोट एका जीपवर किंवा टेंपोवर चालते, त्याच्या तर घरातली चूलच त्या हेडावर अवलंबून असते.

शेतकरी श्रोत्यांना हे प्रकरण निम्मे ठाऊकच आहे. विहिरीवरच्या पंपाने हवा धरली, की मोटार फिरते, आवाज करते आणि पाणी मात्र येत नाही. फूट व्हॉल्व्हमधून पाणी उतरलेले असते. मग वरून पाणी ओतून पंप भरावा लागतो, तेव्हा कोठे तो पाणी धरतो. पंपातला पंखा पाणी फेकू शकतो. हवा वजनाने इतकी हलकी, की ती पंख्याच्या पात्यांत नुसतीच घुटमळते. शहरवासीयांनीही हाच प्रकार दुसऱ्या रूपाने पाहिलेला आहे. दूरवरून येणारी मोठी जलवाहिनी जेथे उंचवट्यावरून जाते, तेथे तिच्यावर एअर व्हॉल्व्ह बसविलेला असतो, आणि तो गळू लागला म्हणजे त्याच्याखाली घागरींची रांग लागते. हवा नेहमी सर्वांत उंच जागी जाऊन बसते व पाण्याची वाट अरुंद करते, म्हणून ती घालविण्यासाठी ही योजना. गाडीच्या इंजिनात याहून निराळे काही घडत नाही. फक्त नळ बोटाएवढा असतो आणि परिणाम घागरीपुरता राहत नाही.

इंजिनाच्या आत इंधन जळते, तेव्हा वायूंचे तापमान क्षणभर दोन हजार अंश सेल्सियसच्याही वर जाते. आजच्या पुष्कळ इंजिनांचे हेड अ‍ॅल्युमिनियमचे असते, आणि शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. हे धातू टिकतात, ते त्यांच्या पाठीमागून सतत पाणी खेळत असते म्हणून. जळलेल्या इंधनातील उष्णतेचा ढोबळमानाने एकतृतीयांश भाग हे पाणी उचलून रेडिएटरकडे नेते. पाण्याची ही ताकद केवढी आहे पाहा : एक लिटर पाणी एका अंशाने तापविण्यास जेवढी उष्णता लागते, तेवढीत सुमारे साडेतीन हजार लिटर हवा एका अंशाने तापेल. तेव्हा हेडाच्या एखाद्या कोपऱ्यात पाण्याऐवजी हवेचा बुडबुडा बसला, तर तेवढ्या जागेपुरते इंजिन जवळजवळ पोरकेच झाले म्हणावे. तेथील धातू तापतो, शेजारच्या पाण्याची वाफ होते, वाफेने बुडबुडा फुगतो आणि आणखी धातू उघडा पडतो.

आपल्या भागात या दुखण्याला उन्हाळा आणि चढ यांचीही साथ मिळते. नांदेड गोदावरीच्या काठी, समुद्रसपाटीपासून सुमारे ३६० मीटरवर. लातूर बालाघाटाच्या पठारावर, सुमारे ६३० मीटरवर. म्हणजे भरलेली गाडी या वाटेने एकंदरीत चढतच असते. रेडिएटरचे काम पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातील फरकावर चालते. पाणी ९० अंशांवर असेल आणि पौषातल्या सकाळी हवा १५ अंशांवर, तर फरक ७५ अंशांचा. तीच हवा मे महिन्यात ४३ अंशांवर गेली, की फरक उरतो ४७. हिवाळ्यात सहा महिने जो बुडबुडा गप्प बसला होता, तो उन्हाळ्यात बोलू लागतो, याचे कारण हे.

पूर्वी ही तक्रार इतकी ऐकू येत नसे, असे जुने चालक सांगतात, आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. १९३२ साली निजामाच्या रेल्वेने २७ बसगाड्यांनिशी हैदराबाद संस्थानात रस्त्यावरची वाहतूक सुरू केली. त्या काळच्या गाड्यांचा रेडिएटर पुढे ताठ उभा असे आणि त्याचे झाकण साऱ्या पाण्याच्या वाटेत सर्वांत उंच असे. हवा आपोआप तेथे चढे आणि झाकण उघडले की निघून जाई. पुढे गाड्यांचे नाक उतरते झाले, रेडिएटर इंजिनापेक्षा खाली आला, हीटरच्या नळ्या डॅशबोर्डामागे वर चढल्या. रूप सुधारले, परंतु हवेला दडून बसण्यासाठी पाचसहा कोनाडे मिळाले. म्हणून आता पुष्कळ गाड्यांत पाण्याची टाकी मुद्दाम सर्वांत उंच बसवितात व तीत बारीक परतीची नळी सोडतात. काहींत हवा सोडण्याचा स्क्रूही असतो.

आता लक्षणांकडे वळू. पहिले लक्षण म्हणजे काट्याचा नाच. पाणी खरोखर कमी असेल तर काटा सावकाश आणि एकसारखा चढतो. हवा असेल तर तो एकाएकी वर उसळतो, एखाद्या मिनिटात खाली येतो आणि पुन्हा उसळतो. बुडबुडा सरकत सरकत थर्मोस्टॅटपाशी अडला, की आतली मेणाची गोळी पुरेशी तापत नाही आणि झडप उशिरा उघडते; उघडली की गरम पाणी एकदम धावते. येथे एक धोका आहे. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरे बोलतो. तो हवेत उघडा पडला तर इंजिन उकळत असताना काटा निम्म्याच्या खाली असू शकतो. काटा खाली आहे म्हणून निश्चिंत राहणारा चालक अशा वेळी फसतो.

दुसरे लक्षण कानाचे. गाडी सुरू करताना किंवा अ‍ॅक्सिलरेटर दाबताना डॅशबोर्डामागे माठ ओतल्यासारखा खळखळाट ऐकू येतो. तिसरे हाताचे : हीटर पूर्ण गरमवर ठेवावा. इंजिन तापलेले असूनही वारा गार आला, किंवा उभ्या गाडीत गार आणि धावत्या गाडीत गरम असा बदलता आला, तर हीटरच्या नळ्यांत हवा आहे किंवा पाणी फार उतरले आहे असे धरावे. मराठवाड्यात हीटर कोण लावतो? लावीत नाही हे खरे. परंतु निदानाचे इतके स्वस्त साधन गाडीत दुसरे नाही. चौथे लक्षण टाकीतले : इंजिन बंद केल्यावर पाणी एकदम उसळून बाहेर सांडते आणि गार झाल्यावर पातळी बरीच उतरलेली दिसते.

एवढ्यावरून हवा आहे हे कळते. खरा प्रश्न तिच्या पुढचा आहे आणि बहुतेकांची फसगत तेथेच होते. ही हवा जुनी आहे की नवी?

होज पाइप बदलला, वॉटर पंप बदलला, कूलंट काढून नवे भरले आणि घाईत भरले, तर हवा आत राहून जाते. ही जुनी हवा. ती एकदा नीट काढली की परत येत नाही; तिच्यासाठी हेड उघडण्याचा सल्ला कोणी दिला, तर मालकाने तो ऐकू नये. याच्या उलट, आज हवा काढली आणि चार दिवसांत पुन्हा खळखळाट सुरू झाला, तर ही नवी हवा होय. ती कोठून तरी रोज येत आहे, आणि ती पुन्हा पुन्हा काढीत बसणे म्हणजे फुटक्या हौदात घागरी ओतणे आहे.

नवी हवा येण्याच्या वाटा थोड्या आहेत. सर्वांत साधी वाट झाकणाची. झाकणाला दोन झडपा असतात. एक पाण्यावर सुमारे एक किलोचा दाब धरून ठेवते. त्या दाबामुळे साधे पाणीही १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळते. दुसरी इंजिन गार होताना टाकीतले पाणी परत आत ओढू देते. झाकणाचे रबर कडक झाले किंवा टाकीची नळी चिरली, तर पाण्याऐवजी हवा ओढली जाते. शंका येताच आधी झाकण बदलावे. सगळ्या दुरुस्तीत कमी खर्चाची ती हीच. पंपाकडे जाणाऱ्या खालच्या होज पाइपचा क्लॅंप ढिला असेल, तर तेथूनही हवा शिरू शकते, आणि थेंब मात्र पडलेला दिसत नाही. अशी गळती शोधण्यास गार इंजिनाला हातपंप लावून दाब भरतात व तो टिकतो का ते पाहतात.

सर्वांत वाईट वाट हेड गॅस्केटची. तेथून येते ती हवा नव्हे, तर सिलिंडरातले जळलेले वायू. ते ओळखण्याची खूण अशी : रात्रभर गार झालेली गाडी सकाळी सुरू करावी आणि रेडिएटरकडे जाणारा वरचा होज पाइप मिनिटा-दोन मिनिटांत दाबून पाहावा. पाणी अजून कोमट असताना पाइप दगडासारखा कडक झाला, तर तो दाब उष्णतेचा असू शकत नाही. वायू आत ढकलला जात आहे. रेडिएटरवरच झाकण असलेल्या गाडीत ते गार असतानाच काढून इंजिन चालू करावे. पहिले काही बुडबुडे येऊन थांबले तर ठीक. अखंड येत राहिले आणि अ‍ॅक्सिलरेटरबरोबर वाढले, तर गॅस्केटवर किंवा तडकलेल्या हेडावर संशय धरावा. शेवटची खात्री एका निळ्या द्रवाने होते. टाकीवरची हवा त्यातून ओढली आणि तीत जळलेल्या वायूंतील कार्बन डायऑक्साइड असला, की पेट्रोल गाडीत तो पिवळा होतो, डिझेलमध्ये हिरवट-पिवळा. मिस्त्रीने हेड उघडण्यापूर्वी ही चाचणी करावी, असा आग्रह मालकाने धरणे मुळीच गैर नाही. नव्या डिझेल गाड्यांत ईजीआर कूलर फुटल्यानेही हीच खूण दिसू शकते, हे ध्यानात ठेवावे. आणि ऑइल दुधासारखे झाले नाही म्हणून गॅस्केट शाबूत, हा समज सोडून द्यावा. वायू पाण्यात जात असताना पाणी ऑइलमध्ये जाईलच असे नाही.

हवा काढण्याची रीत गाडीगाडीगणिक वेगळी असते. काही गाड्यांत तर आधी हवा शोषून मगच कूलंट भरतात. तेव्हा गाडीबरोबरची पुस्तिका प्रथम पाहावी. सर्वसाधारण रीत मात्र सोपी आहे. इंजिन पूर्ण गार असावे. भरण्याचे तोंड सर्वांत उंच येईल अशी गाडी चढावर उभी करावी. हीटर पूर्ण गरमवर ठेवावा, म्हणजे जेथे झडप असते तेथे ती उघडी राहील. स्क्रू असल्यास तो सैल करून, बुडबुडे थांबून अखंड धार येईपर्यंत कूलंट बारीक धारेने भरावे. मग इंजिन मंद चालू ठेवून होज पाइप हलके हलके दाबावेत. थर्मोस्टॅट उघडला, की पातळी एकदम खाली जाते. तेव्हा भर घालावी आणि झाकण लावावे. दुसऱ्या दिवशी गार असताना पातळी पुन्हा पाहावी. ही दुसऱ्या दिवसाची पाहणी जवळजवळ कोणी करीत नाही, आणि हवा जुनी की नवी याचा निकाल तर तिनेच लागतो.

आमच्याकडे गाडी तापली की थर्मोस्टॅटच काढून फेकण्याची चाल आहे. तिचे समर्थन आम्हास करता येत नाही. इंजिन मग थंडीत धड तापत नाही, इंधन अधिक खाते आणि हवेचे मूळ कारण जेथल्या तेथेच राहते. पुष्कळ थर्मोस्टॅटांना कडेला एक बारीक भोक आणि त्यात हलणारी टाचणी असते. ती हवा जाण्यासाठीच असते. नवा बसविताना ते भोक वरच्या बाजूस यावे, एवढे पाहिले तरी निम्मे काम होते.

पाण्याविषयीही दोन शब्द. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे रेडिएटरसाठी डिस्टिल्ड पाणी मागणे चैनीचे वाटेल. पण लहान गाडीला ते काही लिटरच लागते, आणि तेही वर्षानुवर्षांतून एकदा. बोअरच्या पाण्यातले क्षार बारीक नळ्यांत आणि झाकणाच्या झडपेवर बसतात, झडप नीट मिटत नाही आणि हवेची वाट उघडते. कूलंट व डिस्टिल्ड पाणी निम्मेनिम्मे हे प्रमाण बहुतेक गाड्यांना चालते.

वाटेत काटा चढलाच तर एसी बंद करावा, हीटर पूर्ण गरमवर लावावा आणि गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे. उकाड्यात हीटर लावणे वेडेपणाचे दिसेल, पण तो दुसरा छोटा रेडिएटरच आहे. झाकणाला निदान अर्धा तास हात लावू नये. दाबाखालचे पाणी १०० अंशांच्या वर असते. झाकण सैल होताच त्याची वाफ होऊन ती तोंडावर येते, आणि तो भाजलेला चेहरा हेडासारखा बदलता येत नाही. तापलेल्या इंजिनात गार पाणीही ओतू नये, हेड तडकते. काढलेले कूलंट रस्त्यावर सांडून ठेवू नये. ते चवीला गोड आणि विषारी असते, आणि कुत्री-जनावरे ते चाटतात.