थर्मोस्टॅट बदलल्यावर इंजिन कां तापतें?
भिवंडीकडील भाजीपाला गाडीनें कल्याणच्या बाजारांत नेणाऱ्या बागाईतदारांनीं हें ध्यानांत ठेवावें. थर्मोस्टॅट घरीं बदलल्यावर इंजिन अधिकच तापूं लागलें, तर नवा भाग सदोष आहे असें लगेच समजूं नये. बहुधा कूलंट भरतांना आंत हवा कोंडलेली असते. थर्मोस्टॅटमधील मेण सुमारें ८२ ते ८८ अंश सेल्सिअसला वितळून फुगतें व झडप उघडतें. परंतु सभोंवतीं हवाच असल्यास झडप वेळेवर उघडत नाहीं.

उपाय असा : इंजिन पूर्ण थंड असतांना झांकण काढावें, गाडीचें तोंड चढाकडे ठेवून इंजिन मंद चालवावें, आणि बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट भरावें. तापलेल्या इंजिनाचें झांकण मात्र कधींही उघडूं नये. बहुतेक गाड्यांत थर्मोस्टॅटची स्प्रिंग इंजिनाच्या बाजूस असते. ती उलट बसली नाहीं ना, हेंही पाहावें. बुडबुडे थांबतच नसतील, तर हेड गॅसकेट गेल्याचा संभव असतो. अशी गाडी माल भरून हांकणें म्हणजे इंजिनच गमावणें होय.